घटस्फोटाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पोटगीचा अर्ज आधी करा

दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतले क्वार्टर नोकरीमुळे मिळते. नोकरी नवऱ्याची असेल आणि संसार मोडायला आला, तर बायको मुलांना घेऊन माहेरी जाते. घर, पगार, मुलांची शाळा एका दिवसात मागे राहते. घटस्फोटाचा दावा दाखल होतो आणि तारखा सुरू होतात. किराणा, दवाखाना आणि शाळेची फी मात्र निकालाची वाट पाहत नाहीत. अंतरिम म्हणजे तात्पुरत्या आदेशाची तरतूद त्यासाठीच आहे. ‘तात्पुरता’ या शब्दामुळे त्याला हलके घेणे फार महागात पडते.

काय मागता येते?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ नुसार दावा चालू असेपर्यंत दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसलेला पतीही तो मागू शकतो. मुलांचा ताबा, भेटी आणि शिक्षण यासाठी कलम २६ आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली न्यायालय पत्नीला राहत्या घरातून काढण्यास मनाई करू शकते किंवा तशाच दर्जाच्या घराची वा भाड्याची सोय करायला सांगू शकते. परिस्थिती गंभीर असेल तर एकतर्फी आदेशही होतो. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे जुने कलम १२५, सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी खुले आहे.

साठ दिवसांचे काय झाले?

कलम २४ खालचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्ष काय होते, हे नागपूरच्या एका पोटगी प्रकरणात दिसले. आईने सप्टेंबर २०१३ मध्ये अर्ज केला, तेव्हा मुलगा वर्षाचाही नव्हता. कौटुंबिक न्यायालयाचा अंतरिम आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये आला. पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि मुलाला आधी ५ हजार, नंतर १० हजार. हा वाद सर्वोच्च न्यायालयात ४ नोव्हेंबर २०२० रोजी संपला, तेव्हा मुलगा सात वर्षांचा झाला होता.

त्या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी नाहीत. जाणूनबुजून टाळाटाळ केल्यास बचावच रद्द होऊ शकतो. अंतरिम पोटगी चार ते सहा महिन्यांत ठरावी आणि ती अर्जाच्या तारखेपासून मिळावी.

यातला शेवटचा मुद्दा आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ‘आधी बैठक बसवू, समाजाची माणसे बोलतील’ असे म्हणत सहा महिने घालवले, तर त्या सहा महिन्यांची पोटगी बहुधा हातची जाते. अर्ज केल्याने समेटाचे दार बंद होत नाही. म्हणून बोलणी चालू ठेवा, पण अर्ज थांबवू नका.

उत्पन्न कसे दाखवायचे?

कायम कर्मचाऱ्याचे पगारपत्रक असते. कंत्राटी कामगाराचा ओव्हरटाइम किंवा रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेचे पैसे कागदावर येतीलच असे नाही. म्हणून सातबारा, बँकेचे उतारे, गाडीचे हप्ते, फीच्या पावत्या जपून ठेवा. मागणीही खरी ठेवा. स्वतःची कमाई लपवणारी पत्नी आणि पगार लपवणारा पती, खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी दोघेही सारखेच अडकतात.

आदेश होऊनही पैसे न आल्यास वसुलीचा अर्ज करा. कलम १४४ खाली थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. वकिलाच्या फीची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन आहे १५१००.

नियम आहेत, मुदतीही आहेत. प्रतिज्ञापत्र नाही म्हणून तिसरी तारीख मागितली जाते, तेव्हा न्यायालयाने नकार द्यायला हवा. कारण त्या प्रत्येक तारखेचा खर्च माहेरचे म्हातारे आई-बाप उचलत असतात.