रोजची उधारी रोज लिहा

मोहरम असो की जानेवारी, नवे साल लागले की आम्ही व्यापारी मोठे मनसुबे रचतो. दुसरे दुकान, सगळ्या उधारीची वसुली, आणखी काय काय. दोन महिन्यांत सारे विसरतो. यंदा आम्ही एकच ठरवले आहे. इशाच्या नमाजाला निघण्यापूर्वी दिवसभराचे देणे-घेणे वहीत उतरवायचे. काम दहा मिनिटांचे.

कारणही सांगतो. एका यंत्रमागवाल्याकडून आम्ही साड्यांचे दोन गठ्ठे तोंडी बोलीवर उचलले होते. तो अचानक वारला. इद्दत संपल्यावर त्याची बेवा दुकानात आली. आमच्या वहीत एक ओळही नव्हती. तिने अंदाजाने रक्कम सांगितली, आम्ही दिली. बिचारीने कमी तर सांगितली नाही ना, हे आजही मनाला टोचते.

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीच्या कर्जाची लिखापढी करण्याविषयीच आहे. रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, असे त्यात बजावले आहे. लहानपणापासून पढतो, पण समोरचा ओळखीचा असला की कलम उचलायला आम्हाला संकोच! २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. माल उचलल्याची तारीखच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

पहिल्याच आठवड्यात आमच्या दोन रात्री चुकल्या. सकाळी फज्रनंतर आठवून लिहिले. एका ताग्याचा भाव मात्र काही केल्या आठवला नाही.