धुलाईघराच्या गोड आठवणी

मैत्रिणींनो, ब्रिटनमधल्या जुन्या सार्वजनिक धुलाईघरांबद्दल फार हळवं बोललं जातं. बाया जमायच्या, सुखदुःख सांगायच्या, हसायच्या. ग्लासगोत त्यांना ‘स्टीमी’ म्हणत; टोनी रोपर यांचं १९८७ सालचं त्याच नावाचं नाटकही गाजलं.

मैत्री खरीच होती. पण ती बायांनी कामातून वेळ चोरून मिळवली. धुलाईघरं काही त्यासाठी बांधली नव्हती. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलरा पसरला. किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईच्या घरी पाणी तापवायचा बॉयलर होता. शेजारच्यांचे कपडे, अंथरुणं-पांघरुणं धुवायला तिने तो खुला केला. पुढे १८४२ मध्ये शहराने फ्रेडरिक स्ट्रीटवर धुलाईघर उघडलं आणि १८४६ च्या कायद्याने अशी घरं करातून बांधायची मुभा मिळाली. कशासाठी? रोगराई आटोक्यात राहावी म्हणून. बाईची कंबर मोडते म्हणून नव्हे! (लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये किटीचा पुतळा बसायला २०१२ साल उजाडलं. तिथल्या पुतळ्यांत ती पहिलीच बाई.)

तरी मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. फी थोडी असे, पण गरम पाणी, कुंडं, वाळवायची सोय शहर करत होतं. धुणं ही घराची खासगी बाब नाही, हे सरकारनेच मान्य केलं होतं. पुढे घरोघरी वॉशिंग मशीन आलं, धुलाईघरं बंद होत गेली. खर्च घरावर आला. काम मात्र त्याच बाईकडे राहिलं, आता चार भिंतींत, एकटीकडे. हळवेपणाने लिहिणारे नेमकं हेच गाळतात. बाबागाडीत धुण्याची गाठोडी रचून ढकलत नेणारा नवरा त्यांच्याही आठवणीत नाही.

धुणं हे बाईचंच काम म्हणणाऱ्यांनी मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट पाहावा. तिथे कपडे आपटणारे बहुतेक पुरुष आहेत. जातीने वाट्याला आलेले ते कष्ट आहेत, त्यांचं कौतुक मी करणार नाही. पण धुण्याचे पैसे मिळतात तिथे पुरुषाचं मनगट चालतं, घरच्या बादलीपाशीच ते का लुळं पडतं?

तेव्हा धुलाईघर मागायचंच तर वस्तीत मागू, पालिकेच्या खर्चाने मागू, आणि दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी लावू देणार नाही.