नीटच्या निकालाची वाट पाहता पाहता

2025 च्या प्रवेशांच्या तारखा एकापुढे एक मांडून पाहाव्यात. बारावीची बोर्डाची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली. ती चालू असतानाच मार्चमध्ये केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीचे अर्ज निघाले आणि 24 मार्चला त्यांची मुदत संपली. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या ॲप्टिट्यूड टेस्टचे अर्ज एप्रिलच्या मध्यापर्यंत घेतले गेले आणि ती परीक्षा 25 मेला झाली. नीट झाली 4 मेला, पण तिचा निकाल लागला 14 जूनला. म्हणजे देवणी, वलांडी किंवा उदगीरच्या ज्या घरात ‘आधी नीटचा निकाल येऊ द्या, मग बीएस्सीचं बघू’ असे ठरले होते, त्या घरापुरते हे दोन्ही दरवाजे निकालाच्या दिवशी बंद झालेले होते. उरले ते जवळच्या महाविद्यालयातले शिल्लक प्रवेश, नाहीतर लातूरमध्ये आणखी एक वर्ष रिपीटची बॅच. बायोमेडिकल सायन्स, म्हणजे माणसाच्या शरीराचा, रोगांचा आणि औषधांचा प्रयोगशाळेतून होणारा अभ्यास, आपल्याकडे मेडिकल हुकल्यानंतरची सोय म्हणून पाहिला जातो. माझे म्हणणे असे की हे स्वतंत्र क्षेत्र आहे, त्याची निवड अकरावीतच व्हायला हवी आणि त्याचा अर्ज नीटच्या अर्जासोबतच भरला गेला पाहिजे. तसे होत नाही म्हणून मराठवाड्यातली शेकडो जीवशास्त्राची मुले चांगल्या संस्थांच्या यादीत कधी येतच नाहीत.

आकड्यांकडे डोळेझाक करून चालणार नाही. 2025 मध्ये देशभरात सुमारे 22 लाख 9 हजार विद्यार्थ्यांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सुमारे 1 लाख 20 हजार, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या खासगी वा अभिमत संस्थांतल्या, म्हणजे शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या. सगळ्या जागा धरल्या तरी अठरा मुलांत एकाचा नंबर लागतो. मराठवाड्यावर मेडिकल प्रवेशातल्या 70:30 च्या प्रादेशिक सूत्रामुळे अन्याय होतो अशी तक्रार इथे वर्षानुवर्षे होती, ती रास्तही होती, आणि सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र रद्द झाले. एक जुना अन्याय दूर झाला, पण अठरांत एक हे गणित त्याने बदलले नाही. उरलेल्या सतरांपैकी अनेक जण जीवशास्त्रात खरोखर हुशार असतात. दोन वर्षे त्यांनी पेशी, आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, मानवी शरीरक्रिया हेच तर वाचलेले असते. त्या ज्ञानाचा उपयोग होणारे काम दवाखान्याच्या बाहेरही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ते काम किती जवळ आहे, हे जानेवारी 2025 मध्ये दिसले. उदगीर शहरात पन्नासेक कावळे मरून पडले. नमुने बाहेर गेले, भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि मग प्रशासनाने परिसरात निर्बंध लावले. या साखळीत निर्णायक पाऊल प्रयोगशाळेतल्या माणसाचे होते: नमुना सुरक्षित हाताळणारा, विषाणूची जनुकीय ओळख पटवणारा, निकालावर सही करणारा. कोरोनाच्या काळात तर हे सर्वांनीच पाहिले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या जीवशास्त्र संकुलात आरटी-पीसीआर तपासणी सुरू केली. ती करणारे हात विज्ञान शाखेत शिकलेल्यांचे होते. अभ्यासाचा विषयही दारातच आहे. देवणी तालुक्याचे नाव देशभर गेले ते देवणी गायीमुळे. वानेरा, बाळंक्या, शेवरा असे तिचे प्रकार अंगावरच्या रंगखुणांवरून ओळखणारी आणि पिढ्यान्पिढ्या वळू निवडून ही जात राखणारी माणसे इथलीच. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांतून माणसांत येणारे रोग, ब्रुसेलोसिससारखे, हा जगभर महत्त्वाचा मानला जाणारा संशोधनविषय आहे, आणि त्याचा कच्चा माल या भागातल्या प्रत्येक गोठ्यात आहे. इथल्या मुलांनी तो अभ्यासावा असे म्हणणे म्हणजे त्यांना कमी प्रतीचे काही देणे नव्हे.

मेडिकल नाही म्हणजे काहीच नाही, ही समजूत नवी नाही. 1917 मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांच्या वडिलांची, जे स्वतः फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत, इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे. कमल यांनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. पुढे डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत 1949 मध्ये पीएच.डी. केली, भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, स्तनांच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगाच्या जंतूवर काम केले. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या वाटेची सुरुवात एका साध्या बीएस्सीने झाली होती, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

आता शिकायचे कुठे, हा प्रश्न. बायोमेडिकल सायन्स या नेमक्या नावाची बीएस्सी ऑनर्स दिल्ली विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि मुलींच्या शहीद राजगुरू महाविद्यालयात आहे. तिथे सीयूईटीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि सीयूईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. अभ्यासक्रमात शरीरक्रिया, जीवरसायन, प्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र, विषशास्त्र असे विषय आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांची बीएस-एमएस आहे. आपल्याकडे मात्र नावांचा गोंधळ मोठा आहे. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, लॅब टेक्नॉलॉजीची बीपीएमटी या वेगवेगळ्या पदव्या आहेत. बीपीएमटी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिच्यानंतर रुग्णालयाच्या लॅबमध्ये थेट काम करता येते. लातूरचे विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय चार वर्षांची बी.टेक. देते, पण तिचा कल शेतीकडे आहे. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे नोंदणीशिवाय लावता न येणारे पदनाम आहे. आपल्याकडे तसे नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक आयोग कायद्याने वैद्यकीय प्रयोगशाळा आणि जीवशास्त्रांशी निगडित व्यवसायांची नोंदणी आणायचे ठरवले आहे. म्हणून पदवीच्या पाटीपेक्षा विषयांची यादी आणि प्रॅक्टिकलचे तास बघावेत. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला 80 हजार रुपये मिळतात. ती बोर्डातल्या वरच्या एक टक्का मुलांना मूलभूत विज्ञानासाठी आहे, तिच्या विषयांत मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. बीएस्सीच्या नावातल्या एका शब्दाने ही रक्कम हातची जाऊ शकते. हे जून-जुलैत घाईघाईने प्रवेश घेणाऱ्या कुणाच्याही लक्षात येत नाही.

अर्जाच्या दोन गोष्टी तर निकालाच्या बऱ्याच आधी ठरून जातात. पहिली गणित, आणि ती अकरावीतच ठरते. ‘मेडिकल करायचं आहे, गणित कशाला’ म्हणून बहुतेक मुले ते सोडतात. आयसरच्या परीक्षेत 60 प्रश्नांपैकी 15 गणिताचे असतात. गणित सोडलेल्याला ती परीक्षा देता येते, पण ती मराठीत होत नाही आणि पंधरा प्रश्न सोडून देऊन स्पर्धा करावी लागते. पुढे जीवशास्त्रातही संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. जमत असेल तर चारही विषय ठेवावेत, हा सल्ला लातूर पॅटर्नवाल्या प्रत्येक महाविद्यालयाने द्यायला हवा. दुसरी गोष्ट दाखले. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला नॉन-क्रीमिलेयर केंद्रीय विद्यापीठात चालेलच असे नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षातला दाखला लागतो. राज्याचे एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही, पण उत्पन्नात बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा केंद्रीय दाखला काढता येतो. तहसीलला हे काम मार्चमध्ये नव्हे, एप्रिल उजाडताच सांगून करून घ्यायचे असते.

यावर पालकांचा पहिला आक्षेप असतो नोकरीचा, आणि तो बिनबुडाचा नाही. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर चांगला पगार क्वचितच मिळतो. हे लपवून मुलांना या वाटेला लावणे ही फसवणूक होईल. ही वाट लांब आहे: पदवी, एमएस्सी, आणि संशोधनात राहायचे असेल तर पीएच.डी. पण लांब म्हणजे बिनपैशाची नव्हे. नेट-जेआरएफ मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्याला जानेवारी 2023 पासून महिन्याला 37 हजार रुपये मिळतात. नव्या धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के मिळवणाऱ्याला एमएस्सी न करताही पीएच.डी.ला बसता येते. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि सीरम इन्स्टिट्यूट आहेत, मुंबईत हाफकिन आणि नवी मुंबईत टाटा स्मारकाचे खारघरचे संशोधन केंद्र. डॉक्टरची वाटही काही आखूड नाही. साडेपाच वर्षे एमबीबीएस, मग पदव्युत्तरसाठी पुन्हा नीट. तीन वेळा रिपीट करून एमबीबीएसला लागलेला मुलगा आणि त्याच वेळी बीएस्सीला गेलेला मुलगा यांची तुलना वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी करावी, अठराव्या वर्षी नव्हे.

दुसरा आक्षेप रिपीट करणाऱ्यांच्या यशाचा. दरवर्षी दुसऱ्या प्रयत्नात मेडिकलला लागणारी मुले असतात, ती लातूरच्या फ्लेक्सवर दिसतातही. ज्याचे गुण कटऑफच्या अगदी जवळ होते, ज्याला डॉक्टरच व्हायचे आहे आणि ज्याच्या घराला एक वर्ष झेपते, त्याने रिपीट जरूर करावे. त्याला माझा विरोध नाही. पण बॅचमध्ये बसलेली बहुतेक मुले कटऑफच्या जवळ नसतात. ती तिथे असतात कारण दुसरा कुठलाही अर्ज भरलेला नसतो. क्लासची फी, मेसचे पैसे, खोलीभाडे हे सगळे लाखाच्या पुढे जाते, आणि सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घरातून ते येते. शिवाय एक वर्ष वाया गेल्याचे ओझे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलीच्या मनावर किती असते, याचा हिशेब फीच्या पावतीत येत नाही. हातात एक चांगला प्रवेश असताना रिपीट करणे आणि हातात काहीच नसताना रिपीट करणे यात फार अंतर आहे.

मुलीला दिल्लीला कसे पाठवायचे, हा तिसरा प्रश्न. हाच प्रश्न एमबीबीएसला कोल्हापूर किंवा नागपूर मिळाले तर विचारला जात नाही. वसतिगृह मिळेल का, खर्च किती, कोण ओळखीचे आहे, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे प्रवेशाआधी शोधायलाच हवीत. पण अंतर फक्त विज्ञानाच्या पदवीसाठीच आड येत असेल, तर अडचण अंतराची नाही.

प्रवेश मिळाल्यावरची पहिली सहामाही सगळ्यांत अवघड जाते, आणि त्याबद्दल इथे फारसे बोलले जात नाही. दोन वर्षे चार पर्यायांतून एक निवडायची सवय झालेल्या मुलाला अचानक सलग उत्तर लिहावे लागते, तेही इंग्रजीत. कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणाऱ्या अनेक इंटिग्रेटेड बॅचमध्ये प्रॅक्टिकल जर्नल उतरवून काढण्यापुरतेच उरले आहे. त्यामुळे मायक्रोपिपेट हातात धरणे, द्रावणाची तीव्रता काढणे, सूक्ष्मदर्शक स्वतः जुळवणे हे पहिल्यांदाच करावे लागते. अभ्यासात पक्का असलेला मुलगा प्रयोगात चुकतो आणि आपल्याला हे जमणार नाही असे समजून बसतो. ही उणीव दोन-तीन महिन्यांत भरून निघण्यासारखी असते. बारावीनंतर मे-जूनचे जे रिकामे आठवडे मिळतात, त्यांत अकरावीच्या रसायनातली मोल-संकल्पना पक्की करणे, इंग्रजी पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण रोज मोठ्याने वाचून त्याचा सारांश लिहिणे, एवढे केले तरी पहिली सहामाही सुसह्य होते. कॉलेजात गेल्यावर शिक्षकांना लॅबमध्ये उन्हाळी काम मागायला लाजू नये. चांगल्या एमएस्सीच्या मुलाखतीत गुणांइतकेच तेही विचारले जाते.

घरांनी बदलायचे ते वर सांगितले. संस्थांनीही काही करायला हवे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लातूरचे उपकेंद्र, लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून माणसे आणि जनावरे दोघांच्या रोगांवरची चार वर्षांची पदवी उभी केली, तर ती देशात वेगळी ठरेल. त्यासाठी लागणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा या तीन ठिकाणी वाटल्या गेलेल्या आहेत. मात्र ते व्हायला वेळ लागेल, आणि पुढच्या प्रवेशांचे अर्ज तोवर थांबणार नाहीत. देवणी आणि उदगीर तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: अर्ज सुरू होण्याआधी बारावीच्या जीवशास्त्राच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एका दुपारी बोलवा, सीयूईटी आणि आयसरच्या तारखा फळ्यावर लिहा, आणि मुदत संपण्याआधी प्रत्येकाचा अर्ज महाविद्यालयाच्या संगणकावरून भरला जाईल याची जबाबदारी एका शिक्षकावर सोपवा.