आत कोणते, बाहेर कोणते?

कागदावर दोन वर्तुळे अशी काढली की एकाचा थोडा भाग दुसऱ्यावर यावा, आणि मग विचारले की येथे आकृत्या किती आहेत, तर उत्तरे निरनिराळी येतील. रेषा मोजणारा दोन म्हणेल, तुकडे मोजणारा तीन म्हणेल, आणि केवळ बाहेरची कड पाहणारा एकच म्हणेल. यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे नाही. कोणते घ्यावयाचे हे रेषेवर लिहिलेले नसते. ते चित्र काढणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असते. माणूस माणसाचा हेतू पुष्कळदा न सांगता ओळखतो. संगणकास मात्र तो निःसंदिग्धपणे सांगावा लागतो. संगणकावर चित्रे रेखाटण्याच्या विद्येत आकृत्यांचा व क्षेत्रांचा संयोग म्हणून जे प्रकरण आहे, त्याचे सारे मर्म एवढ्यात आहे.

हे प्रकरण विद्यार्थ्यांस बहुधा कसे भेटते? पडद्यावर दोन आकृत्या ठेवावयाच्या, यादीतून एक आज्ञा निवडावयाची, आणि जे दिसेल ते वहीत उतरवून घ्यावयाचे. आज्ञेचे नाव पाठ होते, विचार तसाच राहतो. आमचे मत असे आहे की हा क्रम उलटा करावयास हवा. आधी हेतू ठरावा, मग नियम, आणि शेवटी आज्ञा. देवनागरीत लिहिणाऱ्या मुलामुलींस तर हे शिकण्याचे एक खास कारण आहे. ते यथाक्रम सांगू.

प्रथम चौकटींचा कागद घेऊ. त्यावर दहा चौकटी लांब व सहा रुंद असा एक आयत काढू. त्यात ६० चौकटी येतील. दुसरा आयत आठ लांब व पाच रुंद, म्हणजे ४० चौकटींचा. दोन्ही अशा रीतीने मांडू की चार गुणिले तीन, म्हणजे १२ चौकटी दोहोंत सामाईक याव्यात. आता संयोग किती? ६० आणि ४० मिळून १०० असे घाईने म्हणणारा त्या १२ चौकटी दोनदा मोजतो. खरे उत्तर ८८. छेद १२. पहिल्यातून दुसरा वजा केला तर ४८ उरतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला तर २८. आणि कोणत्या तरी एकाच आयतात आहेत, दोहोंत नाहीत, अशा चौकटी ७६. संयोग, छेद, वजाबाकी आणि हा चौथा सममित फरक, एवढ्या चार क्रियांवर चित्रकामातील मोठमोठ्या आकृत्या उभ्या राहतात.

या क्रिया आम्ही संचांच्या धड्यात शिकलोच आहोत. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहून 'आणि', 'किंवा', 'नाही' या साध्या शब्दांचे बीजगणित मांडले. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराई येथे झाला. त्यांच्या नावाचा नियम आमच्या भाषेत इतकाच आहे : जे दोहोंच्या संयोगाबाहेर आहे, ते पहिल्याच्याही बाहेर आहे आणि दुसऱ्याच्याही बाहेर आहे. त्याही पूर्वी आपल्या शुल्बसूत्रकारांनी दोन असमान चौरसांइतक्या क्षेत्रफळाचा एक चौरस कसा रचावा, आणि मोठ्या चौरसातून लहान कसा वजा करावा, हे दोरी व खुंट्यांच्या साहाय्याने सांगितले. मात्र तेथे बेरीज क्षेत्रफळांची होती; आकृती कोठे मांडली आहे याला महत्त्व नव्हते. संगणकावरील संयोगात मांडणीलाच महत्त्व आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून शिकविल्या, तर संयोग आणि बेरीज यांतील फरक मुलांच्या मनावर कायमचा ठसेल.

आता यंत्र हे काम कसे करते ते पाहू. एक रीत आडव्या ओळींची आहे. कागदाची एकच आडवी ओळ घ्यावी. समजा, त्या ओळीवर पहिली आकृती २ पासून ९ पर्यंत आणि दुसरी ६ पासून १३ पर्यंत पसरली आहे. संयोग २ ते १३, छेद ६ ते ९, पहिलीतून दुसरी वजा केल्यास २ ते ६. अशी एकेक ओळ करीत गेले की सबंध आकृती हाती येते. प्रत्येक ठिपक्याची नोंद ठेवण्याची गरज नाही. जेथे बाहेरचे आत होते आणि आतले बाहेर होते, तेवढ्याच जागा लिहून ठेवल्या की पुरे. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलेल्या क्विकड्रॉ या चित्रप्रणालीत क्षेत्रांची नोंद याच तत्त्वावर होती, आणि म्हणून त्या काळच्या तुटपुंज्या स्मृतीतही वेड्यावाकड्या आकृत्या झपाट्याने हाताळता येत.

दुसरी रीत कडांची. दोन आकृत्यांच्या कडा जेथे जेथे एकमेकींस छेदतात ते बिंदू शोधावयाचे, त्या बिंदूंवर कडा तोडावयाच्या, प्रत्येक तुकडा दुसऱ्या आकृतीच्या आत आहे की बाहेर हे ठरवावयाचे, आणि हवे तेवढे तुकडे ठेवून पुन्हा एक बंद वाट जोडावयाची. संयोग हवा असेल तर बाहेरचे तुकडे ठेवावे, छेद हवा असेल तर आतले. केविन वायलर आणि पीटर अ‍ॅथर्टन यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत याच वळणाची आहे.

परंतु दोन्ही रीतींत एक प्रश्न गृहीत धरलेला आहे. एखादा बिंदू 'आत' आहे म्हणजे काय? साध्या वर्तुळात याचे उत्तर पोरही देईल. रेषा स्वतःवरूनच गेली, किंवा एका आकृतीत दोन कडा एकमेकींवर आल्या, की उत्तर अवघड होते. येथे दोन नियम प्रचारात आहेत. पहिला सम-विषम नियम : त्या बिंदूपासून बाहेरच्या दिशेने सरळ रेषा काढावी; ती कडांस विषम वेळा छेदत असेल तर बिंदू आत, सम वेळा छेदत असेल तर बाहेर. दुसरा वेढ्यांचा नियम : प्रत्येक कडेला दिशा आहे असे मानावे, कड एका बाजूने ओलांडली तर एक मिळवावा, उलट बाजूने ओलांडली तर एक वजा करावा, बेरीज शून्य आली तर बिंदू बाहेर, एरवी आत.

आता आपल्या लिपीकडे वळू. धारवाडच्या रस्त्यावरील पाट्या पाहाव्या. कन्नड अक्षरे आपले तलकट्टू आपापल्या माथ्यावर बाळगतात आणि शेजाऱ्यापासून किंचित अंतर राखून उभी राहतात. देवनागरीत अवघा शब्द एका शिरोरेषेखाली लोंबतो. ती शिरोरेषा प्रत्यक्षात मात्र तुकड्यातुकड्यांची असते. संगणकाच्या बहुतेक देवनागरी टंकांत प्रत्येक अक्षर आपल्यापुरती शिरोरेषा घेऊन येते, आणि मध्ये फट दिसू नये म्हणून तिचे टोक शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर जरासे चढविलेले असते. म्हणजे आपण मराठीत कोणताही शब्द उमटविला की तेथे आकृतिसंयोगाचा प्रश्न उभा राहतो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी विंडोज प्रणालीसाठी 'मंगल' हा टंक रेखाटला. त्यांच्यासारख्या अक्षरकारांनी जे काम केले, त्यात सुंदर वळणांइतकेच अशा जोडांचे भान आवश्यक असते.

पडद्यावर अक्षरे एकेक करून रंगविली जातात, तोवर सारे ठीक दिसते. सगळ्या शब्दाच्या कडा एकत्र करून ती एकच आकृती म्हणून भरावयास घेतली, की नियमाची परीक्षा होते. जेथे दोन शिरोरेषा एकमेकींवर चढल्या आहेत तेथील बिंदूपासून बाहेर रेषा काढावी. ती दोन कडा ओलांडते. दोन ही संख्या सम, म्हणून सम-विषम नियम त्या बिंदूस बाहेरचा ठरवितो, आणि शिरोरेषेत अक्षरागणिक पांढरी खिडकी पडते. वेढ्यांच्या नियमाने तेथे बेरीज दोन येते. ती शून्य नाही, म्हणून शिरोरेषा अखंड काळी राहते. आणि 'व' किंवा 'ठ' यांच्या पोटातील पोकळीचे काय? तिची कड उलट दिशेने काढलेली असते. एकातून एक जाऊन शून्य उरते आणि पोकळी पोकळीच राहते.

रेडियमची अक्षरे कापून देणाऱ्या दुकानात हाच प्रश्न सुरीच्या टोकावर येतो. तेथील यंत्राची सुरी प्रत्येक कडेवरून फिरते. शब्द तसाच पाठविला तर शिरोरेषा जागोजाग कापली जाऊन तिचे बारीक तुकडे सुटतात. म्हणून कारागीर आधी सगळी अक्षरे 'वेल्ड' करतो, म्हणजे त्यांचा संयोग घेतो. इंग्रजी छापील अक्षरे मुळातच सुटी असल्याने त्या लिपीत हे सहसा करावे लागत नाही. परक्या लिपीची उदाहरणे घेऊन लिहिलेल्या पुस्तकात ही अडचण भेटणार नाही. ती आपल्याला आपल्याच वहीत सापडते. मराठी मुलांनी हे प्रकरण मनःपूर्वक शिकावे असे आम्ही म्हणतो, ते यासाठी.

मग सम-विषम नियम टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर २०१५ पर्यंत एका देशाच्या भूमीत दुसऱ्या देशाचे तुकडे होते : बांगलादेशात भारताचे १११ आणि भारतात बांगलादेशाचे ५१. दहाला खगराबारी येथे तर बांगलादेशातील भारतीय तुकड्यात बांगलादेशाचा तुकडा आणि त्याच्या पोटात पुन्हा भारताचा तुकडा होता. बांगलादेशातून निघून तेथे पोहोचावयास तीन सीमा ओलांडाव्या लागत. तीन विषम, म्हणून ती भूमी भारताची. येथे सम-विषम नियमच खरे उत्तर देतो. शिरोरेषेवर जो नियम खिडक्या पाडतो, तोच नकाशावर न्याय करतो. ही निवड यंत्र आपण होऊन करू शकत नाही, कारण शिरोरेषा म्हणजे काय आणि सीमा म्हणजे काय हे आपण सांगितल्यावाचून त्यास ठाऊक नाही.

घराजवळचे उदाहरण हवे असेल तर धारवाडच्या पश्चिमेस, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या केलगेरीच्या तलावाचे घेऊ. समजा, नकाशावर तलावाच्या काठाने एक पट्टी आखली आणि तिच्यात व शेजारच्या मोकळ्या जागेत झाडे लावावयाची आहेत. मधून जाणारा रस्ता वगळावयाचा आहे. पट्टी व मोकळी जागा यांचा संयोग घेऊन त्यातून रस्ता वजा केला, तर काम बरोबर होते. मोकळ्या जागेतून रस्ता वजा करून मग तिचा पट्टीशी संयोग केला, तर पट्टीतून जाणारा रस्ता तसाच राहतो, आणि यंत्र खुशाल रस्त्यावर झाडे लावून मोकळे होते. आज्ञा त्याच, फक्त कंस हलला.

आपल्या जिल्ह्याचा नकाशाही याच क्रियांनी घडला आहे. १९६२ मध्ये हुबळी व धारवाड या दोन नगरांची मिळून एक महानगरपालिका झाली, हा संयोग. १९९७ मध्ये धारवाड जिल्ह्यातून गदग आणि हावेरी हे जिल्हे वेगळे झाले, ही वजाबाकी. असे नकाशे संगणकावर चढविताना दोन शेजाऱ्यांची सामाईक सीमा दोनदा वेगवेगळी रेखाटली, तर दोन रेषा तंतोतंत जुळत नाहीत. मध्ये कोठे सुईएवढी फट राहते, कोठे बारीकशी चकती दोघांच्याही वाट्याला येते. शेताच्या बांधाचेही तसेच आहे. यावर उपाय एकच : सामाईक रेषा एकदाच काढावी, आणि ती दोघांची आहे असे लिहून ठेवावे.

कोणी म्हणतील, तयार साधने हाताशी असताना मुलांच्या डोक्यास हा शीण कशासाठी? कोरलड्रॉची एक कळ दाबली की संयोग होतो, हे खरे आहे. पण उत्तर चुकले तर ते चुकले आहे हे कळ सांगत नाही. पांढरी खिडकी दिसल्यावर 'यंत्र बिघडले' म्हणून बसणारा आणि 'नियम बदलून पाहू' म्हणणारा, यांत मोठे अंतर आहे. पहिला जन्मभर दुसऱ्याने केलेल्या साधनाचा केवळ गिऱ्हाईक राहील; दुसरा उद्या आपल्या लिपीसाठी स्वतः साधने करील. आपल्या भाषेची साधने करणारे हात आपल्याच शाळांतून निघाले नाहीत, तर ते यावयाचे कोठून?

म्हणून आमची सूचना साधी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. संगणकाच्या खोलीत जाण्यापूर्वी दोन तास चौकटींच्या कागदावर घालवावे. गणिताच्या शिक्षकांनी संच शिकवावे, चित्रकलेच्या शिक्षकांनी तोच धडा रंगाच्या दोन छटांनी रंगवून घ्यावा, आणि भूगोलाच्या तासाला केलगेरीच्या तलावाचा नकाशा त्यावर उतरवावा. त्यानंतर विद्यार्थ्याने आपले नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत कडांनी काढावे, प्रत्येक कडेला बाण द्यावा, आणि शिरोरेषेच्या प्रत्येक जोडापाशी बोट ठेवून दोन्ही नियमांनी उत्तर काढावे. एवढे झाले की मगच संगणकापुढे बसावे. आज्ञावली वीस ओळींची असली तरी ती स्वतःची असेल.

विद्यार्थिमित्रांनो, रेषा ओढणे सोपे आहे. तिच्या आत काय आणि बाहेर काय हे ठरविणे, ते कोणत्या नियमाने ठरविले हे सांगता येणे, आणि गरज पडल्यास तो नियम बदलता येणे, यास शिक्षण म्हणतात. ते यंत्राकडून उसने मिळत नाही. तुमच्या नावावरची शिरोरेषा अखंड ठेवण्यापासूनच त्याचा आरंभ करा.