वळचणीखालची भिंत

खटाव तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा गट नंबर विचारा, तो झोपेतून उठूनही सांगेल. सात-बाऱ्यावर क्षेत्र किती, पोटखराबा किती, बांध कुठून कुठे वळतो, हे सारे त्याला तोंडपाठ असते. आता त्यालाच तो राहतो त्या घराचा नकाशा मागा. तो ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुढे करील. त्यावर घराचा नंबर असतो, घरपट्टी असते. पण घराच्या चार भिंती नेमक्या कुठे उभ्या आहेत, हे सांगणारा कागद पुष्कळ गावांत कुणापाशीच नसे. ज्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या पाळणे हलले, तीच जागा मोजायची राहून गेली होती.

याचे कारण इतिहासात आहे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात जमीनमोजणीची नवी पद्धत बसवली. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर पुढे ती आपल्याकडेही आली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि लांबीरुंदीला एकेक साखळी भरली की एक गुंठा. आपण आजही १०८९ चौरस फुटांचा गुंठा म्हणतो तो या साखळीचाच. पण सरकारला मोजणी हवी होती ती सारा ठरवण्यासाठी. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता. त्यामुळे वस्तीभोवती बाहेरून एक रेषा ओढली गेली आणि आतली घरे, बोळ, परडी, गोठे तसेच राहिले. पुढे मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झाला. लहान गावठाणांच्या वाट्याला तोही आला नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम अलीकडे सुरू झाले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला देशातल्या ७६३ गावांत पहिल्या मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्राची १०० गावे होती. भारतीय सर्वेक्षण विभाग, राज्याचे भूमी अभिलेख खाते आणि ग्रामविकास खाते असे तिघे मिळून हे काम करतात. साखळीची जागा उजेडाने घेतली आहे, असे म्हटले तरी चालेल.

उजेडाने मोजायचे म्हणजे काय? एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते. बोट जवळ आणले की जास्त सरकते, लांब नेले की कमी. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या या फरकावरूनच आपला मेंदू अंतर ताडतो. ड्रोन तेच करतो. तो गावावरून फिरताना अशी छायाचित्रे घेतो, की एकातला बराचसा भाग पुढच्यातही येतो. एकच कौल, एकच खांब, विहिरीचा एकच काठ अनेक चित्रांत वेगवेगळ्या कोनांतून सापडतो. त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूची लांबी, रुंदी आणि उंचीही काढतो. या विद्येला फोटोग्रामेट्री म्हणतात.

ही विद्या जुनी आहे. अल्ब्रेख्त मायडेनबावर नावाचा जर्मन वास्तुविद १८५८ मध्ये वेट्‌झलार इथल्या मोठ्या चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालून भिंतीला लोंबकळण्यापेक्षा छायाचित्रावरूनच मापे काढता येणार नाहीत का, असा विचार त्याच्या मनात आला. पुढे १८८५ मध्ये बर्लिनला त्याची खास संस्था उभी राहिली. तिने इमारतींच्या हजारो काचपट्ट्या जमवल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात मोडलेल्या काही वास्तू पुन्हा बांधताना त्या उपयोगी पडल्या. छायाचित्राचा हा मोठा गुण आहे. जे माप आज कुणी घेतले नाही, तेही त्यात साठून राहते आणि उद्या काढता येते.

इतके सगळे चांगले असताना तक्रार कशाची? तक्रार यंत्राची नाही. या मोजणीची अचूकता सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे मानली जाते. साखळीच्या मानाने हे फारच बारीक काम आहे. पण ड्रोन आकाशातून पाहतो, आणि आकाशातून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. कौलारू घराची वळचण भिंतीच्या पुढे हात-दीड हात आलेली असते. पत्र्याची पडवी आणखी पुढे असते. शेजारच्या दोन घरांच्या वळचणी एकमेकींना भिडलेल्या असल्या, तर वरून एकच सलग छप्पर दिसते आणि खालचा बोळ नाहीसा होतो. आपल्याकडे धाब्याची जुनी घरे आहेत, तिथे वळचणीचा प्रश्न कमी. पण दोन भावांच्या मधली मातीची सामाईक भिंतच दोन फूट जाड असते. तिची मधली रेषा कुणी धरायची? तीन बोटांची अचूकता तिथे काय करणार?

गावातली भांडणेही नेमकी या न दिसणाऱ्या जागीच असतात. पागोळ्यांचे पाणी कुणाच्या अंगणात पडायचे, मोरीचे तोंड कुठे काढायचे, जिना कुणाच्या बाजूला, असेच ते वाद. खालचे घर थोरल्याचे आणि माडी धाकट्याची, अशाही वाटण्या झालेल्या आहेत. यंत्र उंची मोजते खरे, पण हाती येणारा नकाशा सपाट असतो. त्यात माडीला जागा नाही आणि वळचणीलाही नाही.

म्हणूनच योजनेत उड्डाणाआधी चुन्याने हद्दी आखण्याची तरतूद आहे. माझ्या मते सगळ्या मोजणीत हाच क्षण सर्वांत महत्त्वाचा. यंत्र जे पाहू शकत नाही ते माणसाने चुन्याने दाखवायचे. पण त्या दिवशी दारात उभे कोण असते? माण-खटाव, खानापूर, आटपाडी या भागातले कितीतरी लोक सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले आहेत. कुणी मुंबईला आहेत, कुणी पुण्याला. गावात कुलूपबंद घरे उभी आहेत. ज्या घरात एकटी म्हातारी किंवा विधवा बाई राहते, तिला चुन्याची फक्की कुठून कुठे ओढायची हे कुणी विचारते का? जो हजर आणि जो मोठ्याने बोलतो, त्याची रेषा सरळ पडते. यंत्र मग तीच रेषा इमानेइतबारे तीन बोटांच्या अचूकतेने कायमची करते. चुकीची रेषा अचूक मोजली म्हणून बरोबर होत नाही.

हा विषय पूर्वी फार थोड्यांचा होता. नव्वदच्या दशकात प्रकाशाने करायच्या त्रिमितीय मोजमापावर ज्युरिक आणि व्हिएन्ना इथे आळीपाळीने परिषदा भरत, विद्वान जमत. आज आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही त्यावर कार्यशाळा होतात. त्या व्हाव्यातच. पण माझे म्हणणे असे, की अशी एक कार्यशाळा वडूजला भरवावी, आणि तिच्यात ज्यांची घरे मोजली गेली किंवा मोजली जायची आहेत त्या लोकांना बोलवावे. मोजणाऱ्यांना शिक्षण मिळते. मोजल्या जाणाऱ्यांना कोण शिकवणार?

त्याला फार खर्च येणार नाही. गावातले एखादे जुने देऊळ किंवा शाळेची इमारत घ्यावी. विद्यार्थ्यांनी साध्या मोबाइलने तिच्या भोवती फिरून पन्नास-साठ छायाचित्रे काढावीत आणि संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती उभी करून दाखवावी. मग गावकऱ्यांना एक गंमत कळेल. त्या प्रतिकृतीला आकार असतो, माप नसते. देऊळ वीस फुटांचे की दोन फुटांचे, हे छायाचित्र आपले आपण सांगू शकत नाही. जमिनीवरचे एखादे अंतर टेपने मोजून त्याला सांगावे लागते, तेव्हा बाकीची सारी मापे जुळतात. गावठाण मोजतानाही म्हणूनच जमिनीवर पक्के बिंदू घ्यावे लागतात. यंत्रालासुद्धा जमिनीवरची साक्ष लागते, ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली, की लोक आपली साक्ष द्यायला संकोचणार नाहीत.

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी नकाशा वाचायला शिकवावे. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, इतके कळले तरी माणूस आपली भिंत स्वतः पडताळून पाहू शकतो. चौकशी अधिकाऱ्यापुढे काय म्हणायचे, हरकत कशी आणि किती दिवसांत नोंदवायची, हे भूमी अभिलेख खात्याच्या माणसाने समोर बसून सांगावे. आणि नकाशा पक्का करण्याआधी ग्रामसभेत तो भिंतीवर लावून घरागणिक वाचून दाखवावा. पत्रिकेवर नाव कुणाचे लागते, बहिणीचे आणि आईचे लागते की नाही, तेही तिथेच उघड होईल. शिवाय ड्रोनची मूळ छायाचित्रे नीट जपून, मागेल त्याला पाहता येतील अशी ठेवावीत. वीस वर्षांनी बोळाचा वाद निघाला, तर साक्षीदारांच्या स्मृतीपेक्षा ती जास्त भरवशाची ठरतील.

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? मिळकत पत्रिका मिळाली, कर्जाची सोय झाली, पुरे. कर्जाची सोय महत्त्वाची आहेच. पण हीच पत्रिका उद्या आपल्या नातवंडांच्या हाती जाणार आहे, आणि त्या वेळी चुन्याच्या रेषेची आठवण सांगायला कुणी उरलेले नसेल.

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरच्या आठ जणांनी तिथे गोळ्या झेलल्या. त्या कचेरीवर आपले राज्य असावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ते राज्य आले. आता त्याच गावच्या कचेरीत जाऊन आपल्या घराचा नकाशा मागायचा, तो उलगडून पाहायचा आणि चुकला असेल तर तसे लिहून द्यायचे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे. उजेड छपरापर्यंत पोहोचला आहे. वळचणीखाली कंदील घेऊन आपल्यालाच जावे लागेल.