छंदाचा मोबदला

चित्रकलेच्या छंदातून उत्पन्न येते ते मुख्यतः चार वाटांनी: मागणीवरून काढलेली चित्रे, पुस्तके व नियतकालिकांसाठी केलेली रेखाटने, एकाच चित्राच्या छापील प्रती आणि शिकवणी. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून चित्र काढणारी माणसे यांतल्या एखाद्या वाटेने रंग-कागदाचा खर्च भागवून चार पैसे बाजूला टाकू शकतात. हे उत्पन्न लहान असले, तरी त्यामागचा व्यवहार ढिसाळ असण्याचे कारण नाही. हात तयार असूनही अनेकांचे कष्ट वाया जातात, कारण दर ठरलेला नसतो, आगाऊ रक्कम घेतलेली नसते आणि चित्रावरचा हक्क कोणाचा, हे कागदावर आलेले नसते.

मागणीवरच्या कामांत व्यक्तिचित्राला सर्वाधिक वाव आहे. साठीशांत, सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ, लग्नाचा वाढदिवस, दिवंगत वडीलधाऱ्यांची तसबीर अशा निमित्तांनी लोक चित्र करून घेतात. त्याखालोखाल घराच्या नावाच्या पाट्या, बालवाडीच्या भिंती, लग्नपत्रिका आणि रुखवतातल्या वस्तू यांचे काम मिळते. व्यक्तिचित्रात अर्धे यश मूळ छायाचित्रावर अवलंबून असते. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या छायाचित्रात डोळ्यांच्या कडा व केसांचे बारकावे पुसट झालेले असतात, म्हणून मूळ फाइल किंवा जुनी छापील प्रतच मागून घ्यावी. लग्नातल्या समूहचित्रात आजोबांचा चेहरा नखाएवढा असेल, तर त्यावरून हुबेहूब साम्य साधणार नाही, हे काम घेण्याआधीच सांगणे योग्य. कच्चे रेखाटन दाखवून मान्यता घ्यावी आणि मगच छटाकामाला हात घालावा. मान्यतेनंतर किती फेरफार मोबदल्यात धरलेले आहेत, हेही आधी ठरलेले असावे.

दर ठरवताना बहुतेकांची गफलत वेळेच्या हिशेबात होते. उदाहरणादाखल एका चेहऱ्याचे ए-फोर आकाराचे पेन्सिलचित्र घेता येईल. छायाचित्राचा अभ्यास आणि कच्चे रेखाटन यांना दोन तास, छटाकामाला पाच तास, ग्राहकाशी बोलणे व बांधणी यांना एक तास, असे आठ तास लागतात असे धरू. तासाला १५० रुपये मेहनताना लावला, तर १,२०० रुपये होतात. चांगला कागद, पेन्सिली आणि पेन्सिलीची पूड पसरू नये म्हणून मारायचा फिक्सेटिव्ह यांचे १०० रुपये, माउंट, पुठ्ठा व कुरिअरचे २०० रुपये. बिघडलेले कागद आणि फेरफार यांसाठी वर दहा टक्के धरले, तर रक्कम १,६५० रुपयांवर जाते. हेच चित्र ‘ओळखीचे आहेत’ म्हणून ५०० रुपयांत दिले, तर ३०० रुपयांचा खर्च वजा जाता आठ तासांचे २०० रुपये उरतात, म्हणजे तासाला २५ रुपये. हा आकडा कागदावर मांडला, की ‘एवढंसं चित्र, हातासरशी काढून द्या’ या आग्रहाला काय उत्तर द्यायचे ते आपोआप सुचते.

नातेवाईक आणि मित्रांना सवलत द्यायला हरकत नाही. मात्र पावतीवर पूर्ण दर लिहून त्याखाली सवलत दाखवावी. त्यामुळे घेणाऱ्याला कामाची खरी किंमत कळते आणि त्याच्या ओळखीने येणारा पुढचा ग्राहक सवलतीचाच दर धरून बसत नाही. काम सुरू करताना निम्मी रक्कम, चित्र ताब्यात देण्यापूर्वी उरलेली रक्कम आणि ठरलेली तारीख ही तीन पथ्ये पाळली, तर उधारीचा प्रश्न फारसा उरत नाही. तारीख पाळण्याची जबाबदारी चित्रकाराची. साठीशांत झाल्यावर पोहोचलेल्या चित्राचे पूर्ण पैसे मागायला तोंड राहत नाही.

छापील रेखाटनांची वाट मराठीत जुनी आणि मानाची आहे. मडगावला १९१६ मध्ये जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि कथाचित्रे यांच्या बळावर घराघरांत नाव मिळवले आणि १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची चित्रेही दिवाळी अंक आणि कॅलेंडरे यांतूनच सर्वदूर गेली. आजही दिवाळी अंक, बालसाहित्य, पाठ्यपूरक पुस्तके आणि संस्थांच्या स्मरणिका यांना रेखाटने लागतात. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासूनच सुरू होते, त्यामुळे गणपती झाल्यावर संपादकांना नमुने पाठवून उपयोग नसतो. नमुन्यांत सुटी, देखणी चित्रे दहा असण्यापेक्षा एकाच कथेची तीन चित्रे अधिक बोलकी ठरतात. पात्राचा चेहरा तिन्ही प्रसंगांत सारखा राहतो का आणि प्रसंग निवडण्याची नजर आहे का, हे त्यांवरून संपादकाला लगेच दिसते.

छपाईसाठी चित्र देताना थोडे तांत्रिक भान लागते. रंगीत चित्र प्रत्यक्ष छापायच्या आकारात ३०० डीपीआयला आणि शुद्ध काळ्या रेषांचे चित्र ६०० डीपीआयला स्कॅन करावे. ए-फोर आकाराचे रंगीत चित्र ३०० डीपीआयला सुमारे २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलचे होते. यापेक्षा बरीच लहान फाइल पानभर ताणली, तर रेषा फाटतात. पडद्यावर झळाळणारा पोपटी आणि गडद निळा चार रंगांच्या छपाईत मंदावतो, म्हणून रंगीत प्रूफ पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. मोबदला चित्रामागे किती, तो अंक निघाल्यावर किती दिवसांत मिळणार आणि भेट प्रती किती, हेही काम स्वीकारतानाच विचारून घ्यावे.

प्रतींच्या विक्रीत एकदा केलेले काम पुन्हा पुन्हा कमाई देते. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजेरजवाड्यांच्या महालातली तैलचित्रे ज्यांना कधी दिसली नसती, त्यांच्या देवघरात त्यांच्या छापील प्रती पोहोचल्या. गोव्यात मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची रेखाचित्रे आज फरशा, कप आणि छापील प्रती यांच्या रूपाने पर्यटकांच्या हाती जातात. हौशी चित्रकाराला हाच मार्ग लहान प्रमाणावर मोकळा आहे: शुभेच्छापत्रे, वाचनखुणा, आपल्या गावातल्या वाड्यांची किंवा घाटांची चित्रपत्रे, टेबलावरचे कॅलेंडर.

या वाटेवरचा धोका भांडवल अडकण्याचा आहे. हजार प्रती छापल्या, की एका प्रतीचा खर्च कमी दिसतो, पण न खपलेले गठ्ठे कपाटात पडून राहतात. सुरुवातीला पन्नास प्रती डिजिटल छपाईने काढाव्यात आणि कोणते चित्र उचलले जाते ते पाहून पुढची संख्या ठरवावी. प्रदर्शनात टेबल घेतानाही आधी हिशेब मांडावा. टेबलाचे भाडे २,००० रुपये आणि एका शुभेच्छापत्रामागे सुटणारा नफा २० रुपये असेल, तर शंभर पत्रे खपल्यावर फक्त भाडे निघते, प्रवास आणि दिवसभराचा वेळ वेगळाच. नुसत्या स्वस्त वस्तूंनी भरलेल्या टेबलावर दोन-चार मूळ चित्रेही असावीत. एखादे मूळ चित्र विकले गेले, तर सारे गणित बदलते.

शिकवणीला महाराष्ट्रात एक हुकमी आधार आहे, तो कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी करून घेणारा माणूस पालक शोधत असतात. याशिवाय सुट्टीतली शिबिरे आणि प्रौढांसाठीचे रविवारचे वर्गही चालतात. मुलांच्या वर्गात एका वेळी आठ-दहांपेक्षा जास्त विद्यार्थी घेतले, तर प्रत्येकाच्या कागदापाशी जाऊन बसणे जमत नाही आणि वर्ग म्हणजे फळ्यावरचे चित्र उतरवण्याचा कारखाना होतो. शाळेत नोकरी करणाऱ्या कलाशिक्षकांनी मात्र इथे जपून राहावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. इतर शासकीय कर्मचाऱ्यांनीही नियमित व्यवसाय म्हणून काम घेण्यापूर्वी आपले सेवानियम पाहून परवानगी घ्यावी.

या चारही वाटांवर सर्वांत दुर्लक्षित राहतो तो हक्काचा प्रश्न. चित्राचा कागद विकणे आणि ते चित्र छापण्याचा हक्क देणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. चित्रकाराने आपल्या मनाने काढलेले चित्र कोणी विकत घेऊन भिंतीवर लावले, तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. एखाद्या दुकानासाठी ठरावीक रकमेत काढलेले मिठाईच्या खोक्यावरचे चित्र पुढे पिशव्यांवर, फलकांवर आणि कॅलेंडरवर दिसू लागले, तर त्या वेळी तक्रार करून हाती काही लागत नाही.

त्यावरचा उपाय दोन-तीन ओळींचा आहे: ‘हे चित्र अमुक पुस्तकाच्या एका आवृत्तीसाठी दिले आहे. अन्य वापरासाठी वेगळा मोबदला द्यावा लागेल. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे आहे.’ या ओळी पत्रावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क दिल्यानंतरही चित्राचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ ने चित्रकाराकडे राखला आहे. तेव्हा चित्रावरची सही छपाईत कापली जाणार नाही, अशा जागी ती करावी आणि श्रेयनामावलीत नाव मागून घ्यावे.

जो हक्क आपल्यासाठी मागायचा, तो दुसऱ्याच्या बाबतीतही पाळला पाहिजे. चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रे सर्वांना मोकळी आहेत. दलालांचे निधन १९७१ चे, म्हणून त्यांची चित्रे २०३१ अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापून विकता येणार नाहीत. चित्रपटाची जाहिरातचित्रे, कार्टूनमधली लोकप्रिय पात्रे आणि छायाचित्रकारांनी टिपलेली प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे यांनाही असेच संरक्षण आहे. सरावासाठी त्यांवरून चित्र काढणे वेगळे आणि त्याच्या प्रती विकणे वेगळे.

वारली चित्रांबद्दल तर विशेष काळजी हवी. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. शहरातल्या वर्गात चार दिवस शिकून काढलेल्या त्रिकोणी माणसांच्या चित्रावर ‘अस्सल वारली’ अशी पाटी लावणे म्हणजे पालघर-डहाणूच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चित्र लिहिणाऱ्यांच्या ताटातले ओढून घेणे आहे. त्या शैलीचे ऋण मान्य करावे आणि विकायला आपली, आपल्या परिसरातून सुचलेली चित्रे काढावीत.

हिशेबाचे काम वाटते तितके किचकट नाही. एका वहीत तारीख, काम, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम आणि खर्च असे पाच रकाने पुरतात. रंग, कागद, फ्रेम, कुरिअर आणि छपाई यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण कर उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो. पगाराच्या जोडीला आलेले हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवावेच लागते. प्रकाशकाने करकपात केली असेल, तर ती विवरणपत्रातूनच वळती करून घेता येते किंवा परत मिळते. सेवांच्या बाबतीत वर्षाला २० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र ऑनलाइन बाजारपेठेतून किंवा परराज्यात वस्तू विकण्याचे नियम निराळे आहेत, म्हणून ती सुरुवात करण्यापूर्वी करसल्लागाराला विचारून घ्यावे.

शेवटचा प्रश्न वेळेचा. मागणीची कामे वाढली, की हात तेच ते काढू लागतो. छायाचित्रावरून चेहरे उतरवणाऱ्याचा प्रत्यक्ष माणूस समोर बसवून काढण्याचा सराव सुटतो आणि वर्ष-दोन वर्षांत ते चित्रातही दिसते. म्हणून महिन्यात किती कामे घ्यायची याची मर्यादा आधी घालावी आणि आठवड्यातले काही तास कोणाच्याही मागणीविना, स्केचबुक घेऊन बाजारात, एसटी स्थानकावर किंवा नदीकाठी काढावेत. विकण्याजोगे नवे काही सुचते ते याच तासांतून.

फुकट किंवा पडत्या दरात चित्र देणारा हौशी माणूस स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय ज्याची चूल चित्रांवर पेटते त्या व्यावसायिकाचा दरही पाडतो. त्यामुळे छंद म्हणून काम करणाऱ्यांवरची जबाबदारी कमी नाही, उलट अधिक आहे. प्रत्येक कामाचा दर सांगणे, आगाऊ रक्कम घेणे आणि वापराची अट लिहून देणे ही प्रथा चित्रकारांनीच पाडली पाहिजे. हातात असलेल्या पुढच्याच कामापासून तिची सुरुवात व्हावी.