जुनी विद्या कोणाच्या बापाची?

अमेरिकेंत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक नवी टूम निघाली आहे. आणि गंमत अशी, कीं ती टूम जुन्याची आहे. कांहीं ख्रिस्ती मंडळी सरकारी शाळांवर रुसली आणि त्यांनीं आपल्या मुलांसाठीं निराळ्या शाळा काढल्या. बालवर्गापासून तों बारावीपर्यंत धोरण एकच : बायबल, लॅटिन भाषा, ग्रीक-रोमन ग्रंथ, तर्क आणि वक्तृत्व. याला ते 'अभिजात ख्रिस्ती शिक्षण' म्हणतात. नांगर आणि ऐरण यांवर पोट भरणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचें काय, असें कोणी विचारील. पुष्कळ आहे.

मूळ कल्पना डोरोथी सेयर्स या इंग्रज बाईची. बाई गुप्त पोलिसांच्या गोष्टी लिहिणारी. १९४७ सालीं ऑक्सफर्ड येथें तिनें एक व्याख्यान दिलें. तिचें म्हणणें असें, कीं पूर्वीच्या युरोपांत मुलांस आधीं व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व शिकवीत, आणि हा क्रम पोराच्या वाढत्या वयाला ठीक बसतो. लहानपणीं पोर म्हणजे पोपट. तेव्हां पाढे, सनावळ्या, भाषेचीं रूपें गाण्यांत घालून पाठ करून घ्यावींत. थोडें मोठें झालें कीं तें उलट बोलूं लागतें, वडिलांच्या चुका काढतें. तेव्हां त्याला तर्क शिकवावा, म्हणजे भांडायचेंच तर नीट भांडेल. मिसरूड फुटतांना त्याला आपण कोणी तरी आहों असें वाटूं लागतें. तेव्हां बोलणें-लिहिणें शिकवावें. १९८१ सालीं आयडाहो संस्थानांत मॉस्को नांवाच्या गांवीं (हें रशियाचें मॉस्को नव्हे) डग्लस विल्सन या पाद्र्यानें व त्याच्या सोबत्यांनीं 'लोगोस' नांवाची शाळा काढली. १९९१ सालीं त्यानें याच विषयावर पुस्तक लिहिलें, आणि आज तशा शेंकडों शाळा आहेत. शेवटल्या वर्षीं मुलानें प्रबंध लिहून परीक्षकांपुढें उभें राहून त्याचें मंडन करावयाचें, अशी पुष्कळ शाळांत रीत आहे.

आम्ही मास्तरकी करणारे. आमचें मत विचाराल तर ही पद्धत चांगली आहे. आमच्याकडे पोपटाची पायरी तेवढी शाबूत; पुढच्या दोन तुटलेल्या. बारा वर्षांच्या पोरानें "गुरुजी, हें असें कां?" म्हटलें, कीं "लई शहाणा झालास" म्हणून त्याला खालीं बसवितात. तोच पोर पुढें पतपेढीच्या कागदावर न वाचतां सही करतो आणि ग्रामसभेंत कोपऱ्यांत बसून माना डोलावतो.

मग आमचें भांडण कशाशीं? कुंपणाशीं. रोमन लोक या विद्यांस स्वतंत्र माणसाच्या विद्या म्हणत. हातानें राबणाऱ्याचा त्यांत वांटा धरलेलाच नव्हता. (आणि धनिकांच्या पोरांस त्याच विद्या पढविणारे मास्तर पुष्कळ वेळां ग्रीक गुलाम असत, ही मौज निराळीच!) आजच्या अमेरिकन शाळांनीं कुंपण दुसऱ्या लांकडाचें केलें आहे. फी वर्षाला हजारों डॉलर. आणि कित्येक ठिकाणीं आईबापांची श्रद्धा विचारल्याशिवाय पोर आंत घेत नाहींत. स्वतःच्या खर्चानें आपल्या पोरांस कोणी आपला धर्म शिकविला तर आमची तक्रार नाहीं. परंतु अरिझोना संस्थानानें २०२२ सालीं असा कायदा केला, कीं कोणत्याही मुलाच्या आईबापानें सरकारी पैसा खाजगी शाळेकडे न्यावा. पैसा सर्वांचा, आणि दारांत कोणास घ्यावें हें ठरविणार ती शाळा! १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं हेंच गाऱ्हाणें घातलें होतें : कर भरतो कुणबी आणि शिकतात वरचे. त्याच संस्थानांत धर्माची अट न घालतां, फी न घेतां, सरकारी पैशानें जुनी विद्या शिकविणाऱ्या शाळाही चालतात. तेव्हां कुंपणावांचून हें पीक येत नाहीं, असें कोणी म्हणूं नये. आणि मिशनऱ्यांचा आम्हांस द्वेष आहे, असेंही समजूं नये. जोतीराव स्वतः पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ती परधर्माच्या मुलांस खुली होती.

आतां खरी खुपणारी गोष्ट. ज्या विल्सननें ही शाळा काढली, त्यानेंच १९९६ सालीं एका सोबत्याबरोबर एक पुस्तिका लिहिली. तींत म्हटलें आहे, कीं अमेरिकेच्या दक्षिणेंतली गुलामगिरी लोक सांगतात तेवढी क्रूर नव्हती. धनी आणि गुलाम यांच्यांत जिव्हाळा होता! त्याच गांवांतल्या विद्यापीठाच्या इतिहासाच्या अध्यापकांनीं तिचें लेखी खंडन केलें. पाहा : १८७३ सालीं जोतीरावांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या ज्या सदाचारी लोकांनीं गुलामांस मुक्त केलें त्यांस अर्पण केलें, आणि सव्वाशें वर्षांनीं त्याच देशांतला एक शिक्षणाचा पुढारी त्या गुलामांच्या धन्यांची वकिली करतो. बायबल, लॅटिन आणि तर्क एवढें सारें पोटांत असून हा निकाल!

तेव्हां काळ्या माणसांनीं काय केलें, तें ऐका. दक्षिण कॅरोलायनांत १७४० सालच्या कायद्यानें गुलामास लिहावयास शिकविणें गुन्हा ठरविला होता. त्याच प्रांताचा पुढारी कॅलहून म्हणे, कीं ग्रीक व्याकरण जाणणारा नीग्रो दाखवा, म्हणजे मी त्याला माणूस मानीन. ही गोष्ट अलेक्झांडर क्रमेल या काळ्या पाद्र्यानें लिहून ठेविली आहे. तो स्वतः केंब्रिजला जाऊन ग्रीक शिकला. विल्यम स्कारबरो १८५२ सालीं गुलामींत जन्मला, चोरून वाचावयास शिकला, आणि १८८१ सालीं त्यानें शाळांसाठीं ग्रीक भाषेचें पाठ्यपुस्तक छापलें. ॲना ज्युलिया कूपर ही गुलाम आईची लेक, जन्म १८५८ चा. १९०२ पासून १९०६ पर्यंत ती वॉशिंग्टनच्या काळ्या मुलांच्या हायस्कुलाची मुख्याध्यापिका होती. त्या वेळीं मोठमोठे लोक म्हणत, या मुलांस सुतारकी, गवंडीकाम, धुणें-शिवणें पुरे. बाईनें लॅटिन सोडलें नाहीं, आणि तिचीं मुलें हार्वर्डांत गेलीं. पुढें वयाच्या साठीनंतर, १९२५ सालीं, तिनें पॅरिसची डॉक्टरेट मिळविली.

'कामापुरतें शिकवा' म्हणणारे आमच्याकडेही आहेत. स्वतःचीं पोरें संस्कृतच्या शिकवणीला पाठवून आमच्या सभेंत येतात आणि सांगतात, कुणब्याच्या पोरास शेतकी शिकवा, लोहाराच्यास वेल्डिंग शिकवा. शेतकी आम्ही शिकवूंच. ती आमच्या पोरांच्या अंगांतच आहे. हिशेब मागावयाची विद्या कोणत्या इयत्तेंत शिकविणार, एवढें त्यांनीं सांगावें.

जाता जाता फ्रेडरिक डग्लसची हकीकत. हा गुलाम पोर बाल्टिमोरास होता. मालकीण त्याला अक्षरें शिकवूं लागली, तेव्हां धनी कडाडला, कीं वाचावयास शिकला तर हा गुलाम म्हणून उपयोगाचा राहणार नाहीं. पोरानें तें बरोबर हेरलें. बारा-तेरा वर्षांचा असतां त्यानें लोकांचे बूट पुसून पैसे सांठविले आणि पन्नास सेंटांस 'कोलंबियन ऑरेटर' हें वक्तृत्वाचें क्रमिक पुस्तक विकत घेतलें. त्यांत धनी आणि पळून जातांना सांपडलेला गुलाम यांचा एक संवाद आहे. गुलाम एकेक मुद्दा असा मांडतो, कीं शेवटीं धनी त्याला मोकळा करतो. डग्लसनें तो संवाद पुनः पुनः वाचला. १८३८ सालीं तो पळाला, आणि पुढें त्याच्या व्याख्यानांनीं देश हालला.

मॉस्को गांवच्या त्या शाळेस आमची एवढीच सूचना आहे. पोरांस तर्क तर तुम्ही शिकविलाच आहे. हा संवाद आणि ती १९९६ ची पुस्तिका एका बांकावर ठेवा, आणि कोणाचा मुद्दा टिकतो तें त्यांनाच ठरवूं द्या.